उसाचे वजन येते कोठून आणि जाते कोठे?



हवामान बदलले म्हणजे पिकाच्या वाढीचे काय होते आणि मातीतल्या कसाचे काय होते, हा पाठ या अंकासाठी बाईंनी मला दिला. विषय ऐकायला अवघड वाटतो, पण आहे तो आपल्या शेतातलाच. सध्या उसाची तोडणी चालू आहे. पाचट पेटवायचे की ठेवायचे, हा प्रश्न पुष्कळांच्या घरी आहे. म्हणून पाठ शेवटपर्यंत वाचा.

१. वजन आले कोठून?

उसाची एक कांडी लावली, तिचे बेट झाले आणि गाडीभर ऊस निघाला. एवढे वजन कशाचे? "मातीचं आणि खताचं," असे आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी सांगितले. पूर्वी मोठमोठ्या माणसांनाही तसेच वाटे.

युरोपात व्हॅन हेल्मॉन्ट नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी कुंडीत वाळुंजाचे रोप लावले. माती आधी वाळवून तोलून घेतली होती. पाच वर्षे फक्त पाणी घातले. रोप सुमारे सव्वादोन किलोचे होते, त्याचे झाड ७६ किलोंहून जास्त भरले. आणि माती किती कमी झाली? अवघी ५७ ग्रॅम! हा प्रयोग १६४८ साली पुस्तकात छापला गेला. हेल्मॉन्ट म्हणाले, हे सगळे वजन पाण्याचे. ते अर्धेच बरोबर होते. उरलेले अर्धे उत्तर हवेत होते.

पुढे १७७९ साली इंगेनहाउस यांनी दाखवले की, झाडाचा हिरवा भाग उजेडातच हवा शुद्ध करतो, अंधारात नाही. आज आपण पाठ्यपुस्तकात शिकतो ते असे : पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळे पाणी घेतात आणि सूर्याच्या उजेडावर दोहोंची साखर तयार होते. ऑक्सिजन बाहेर पडतो. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. त्या साखरेपासूनच खोड, पान, मूळ, दाणा सर्व घडते. वाळलेल्या १०० किलो पाचटात ४० ते ४५ किलो कर्ब म्हणजे कार्बन असतो, आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. आहे की नाही गंमत? हवेची मोळी बांधता येते!

(यापुढे मी कार्बन डायऑक्साइडला 'कर्बवायू' असे थोडक्यात लिहीन.)

२. कर्बाचा फेरा

झाड कर्बवायू घेते, तसे परतही देते. झाडालाही आपल्यासारखा श्वास घ्यावा लागतो. त्यासाठी ते स्वतः केलेल्या साखरेतलीच काही जाळते. पाला गळून मातीत पडला की बुरशी, जिवाणू आणि गांडुळे तो खातात. तीही श्वास सोडतात आणि कर्बवायू हवेत जातो. काही भाग मात्र लवकर कुजत नाही. तो काळपट होऊन मातीला चिकटून राहतो. त्यालाच ह्यूमस म्हणतात. माती परीक्षणाच्या पत्रिकेत 'सेंद्रिय कर्ब' असे लिहिलेले असते, तो मुख्यतः हाच. आमच्या पत्रिकेत तो ०.३८ टक्के असून पुढे 'कमी' असा शेरा आहे.

कणगीचे उदाहरण घ्या. प्रकाशसंश्लेषण म्हणजे कणगीत पडणारे धान्य. श्वास आणि कुजणे म्हणजे कणगीतून काढलेले धान्य. आवक जास्त असेल तर कणगी भरते, जावक जास्त झाली की तळ दिसतो. जगातल्या सर्व जमिनीच्या वरच्या १ मीटर थरात साधारण १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हा हवेतल्या सगळ्या कर्बाच्या दीडपटीहून जास्त. म्हणजे हवेपेक्षा मोठी कणगी आपल्या पायांखालीच आहे.

माणसाने कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगले तोडून हवेत जो कर्बवायू सोडला, त्यातला सुमारे ३० टक्के दरवर्षी झाडे आणि माती मिळून परत घेतात. समुद्र जवळजवळ पाव हिस्सा घेतो. उरलेला हवेत साठतो. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावर मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. हा वायू गोधडीसारखा पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. गोधडी जाड झाली, म्हणून हवा तापली.

३. ऊन वाढले की पिकाचे काय होते?

२०२२ च्या मार्चमध्ये मी तिसरीत होते. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. आमचा गहू त्या वर्षी उशिरा पेरलेला होता. ओंबी दिसायला ठीक होती, पण मळणी झाल्यावर आजीने मूठभर गहू हातावर घेतला आणि म्हणाली, "दाणा न्हाई भरला बाई, नुसता कोंडा हाय." पंजाब, हरियाणा या भागांतही असेच झाले. देशात त्या हंगामात १११० लाख टनांहून जास्त गहू होईल असा आधी अंदाज होता, तो पुढे १०७० लाख टनांच्या आसपास आणावा लागला. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली.

असे का झाले? कारणे तीन आहेत.

पहिले, पानाच्या खालीवर बारीक तोंडे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कर्बवायू तेथूनच आत येतो आणि पाण्याची वाफ तेथूनच बाहेर जाते. ऊन कडक झाले, पाणी अपुरे पडले की झाड पाणी वाचवण्यासाठी ही तोंडे मिटते. मग कर्बवायूही आत येत नाही. दार लावून घेतले तर भाजीवालाही परतच जाणार!

दुसरे, उष्णतेने झाडाचा श्वास वाढतो. रात्र गरम असेल तर दिवसा कमावलेली साखर रात्रीच खर्ची पडते.

तिसरे, पीक घाई करते. गव्हाला दाणा भरताना थंड हवा लागते. पारा ३० अंशांच्या बराच वर राहिला की पीक लवकर पिवळे पडते. दाणा भरायला दिवसच पुरत नाहीत.

हे फक्त शेतात होते असे नाही. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भयंकर उष्णता आणि दुष्काळ पडला. शास्त्रज्ञांनी २००५ साली त्याचा हिशेब मांडला. तेथील जंगले, कुरणे व पिके मिळून प्रकाशसंश्लेषण सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. एरवी तेथील रानावनांची कणगी दरवर्षी थोडी थोडी भरत असे. त्या वर्षी उलट झाले. चार वर्षांत जेवढी शिल्लक पडली होती, तेवढी एका वर्षात हवेत गेली.

४. मग कर्बवायू वाढला तर पीक जास्त येईल ना?

हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारला आणि बाईंनी त्याला शाबासकी दिली. तो म्हणाला, "कर्बवायू झाडाचं जेवण आहे, मग जेवण जास्त मिळालं तर चांगलंच की!"

यात तथ्य आहे. गहू, भात, हरभरा, सोयाबीन यांना जास्त कर्बवायू मिळाला तर वाढ काहीशी वाढते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची रीत निराळी आहे. ही पिके कर्बवायू आधीच पानात गोळा करून ठेवतात. म्हणून त्यांना वाढीव कर्बवायूचा विशेष फायदा होत नाही. पाण्याची मात्र थोडी बचत होते. ही पिके गव्हापेक्षा जास्त ऊनही सोसतात.

पण नुसते जेवण वाढून भागत नाही. पाणी, नत्र, स्फुरद कमी असेल तर जास्तीचा कर्बवायू कामी येत नाही. शिवाय दाण्याचा कस उतरतो. हवेत दहा लाख भागांत सुमारे ५५० भाग कर्बवायू ठेवून गहू पिकवला, तेव्हा त्यात जस्त सुमारे ९ टक्के, प्रथिने ६ टक्के आणि लोह ५ टक्के कमी भरले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. भाकरी-चपाती तेवढीच खायची आणि अंगी कमी लागायची! एका हाताने मिळालेले ऊन आणि दुष्काळ दुसऱ्या हाताने काढून घेतात, तो तोटा वेगळाच.

५. माती श्वास सोडते! (करून पाहा)

हा प्रयोग आम्ही सातवीच्या मुलांनी केला.

साहित्य : झाकणाच्या तीन सारख्या बरण्या, तीन लहान वाट्या, शेणखत घातलेली ओलसर माती, चुन्याची निवळी.

कृती : दोन बरण्यांत सारखीच माती भरली. तिसऱ्या बरणीत तीच माती तव्यावर चांगली भाजून, गार करून, उकळून निवलेल्या पाण्याने ओली करून भरली. प्रत्येकीत मातीवर निवळीची वाटी ठेवून झाकण मेणाने बंद केले. एक साधी बरणी गार खोलीत ठेवली. दुसरी काळ्या कापडात गुंडाळून उन्हाच्या खिडकीत ठेवली. भाजलेल्या मातीची बरणीही गार खोलीतच ठेवली.

निरीक्षण : दुसऱ्या दिवशी भाजलेल्या मातीच्या बरणीतली निवळी जवळजवळ स्वच्छ होती. गार खोलीतल्या साध्या मातीची थोडी दुधाळ झाली. उबेतल्या मातीची सर्वांत जास्त दुधाळ झाली.

अनुमान : कर्बवायूने निवळी दुधाळ होते. मातीतले जीव तो सोडतात. माती उबदार झाली की ते जास्त खातात आणि जास्त सोडतात. म्हणजे हवा तापली तर मातीच्या कणगीतूनही जास्त कर्ब बाहेर पडतो आणि त्याने हवा आणखी तापते.

(सूचना : चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. प्रयोग मोठ्यांसमोरच करावा.)

६. पाचटाचा हिशेब

हा प्रयोग मी घरी सांगितला. अण्णा म्हणाले, "ते ठीक हाय, पण पाचट ठेवलं तर सरीतनं पाणी कसं फिरायचं? उंदरं व्हत्यात. माणसं कुठनं आणायची? एका काडीत काम होतंय."

अण्णांचे म्हणणे खोटे नाही. पण हिशेब करून पाहू. एका हेक्टरात सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातला जवळजवळ सगळा कर्ब तासाभरात हवेत जातो. नत्रही जातो, आणि नंतर आपण तोच पोत्याने विकत आणतो. ठेवले तरी कुजताना पुष्कळसा कर्ब हळूहळू हवेत जाणारच, हे खरे. पण मधल्या काळात माती झाकलेली राहते, ऊन थेट लागत नाही, ओल टिकते, तण कमी येते. आणि थोडा का होईना, कर्ब ह्यूमस होऊन राहतो. खोडव्याला उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तर हीच ओल कामाला येते.

पाण्यासाठी तोड अशी की, पाचट एक आड एक सरीत दाबून बसवावे आणि पाणी मोकळ्या सरीने द्यावे. कुजताना जीवांना नत्र लागतो, म्हणून पाचटावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारे जिवाणू टाकावेत. किती टाकावे ते कृषी सहायकांना विचारावे.

पुष्कळ बोलणे झाल्यावर अण्णांनी अर्ध्या एकराचे पाचट ठेवायचे कबूल केले. "पाणी न्हाई फिरलं तर पुढच्या साली मी पेटवणार," असेही म्हणाले. मी दोन्ही तुकड्यांतल्या पाण्याच्या पाळ्या वहीत लिहिणार आहे. पुढच्या वर्षी मी या शाळेत नसेन. पण वही बाईंकडे देऊन जाईन. जे आकडे येतील ते सहावीच्या मुलांनी याच फळ्यावर लावावेत, आमच्या बाजूने असोत वा अण्णांच्या.

सांगा पाहू :

१) हेल्मॉन्ट यांच्या उत्तरात काय राहून गेले होते?
२) गरम रात्रीने पिकाचे नुकसान का होते?
३) ज्वारी आणि गहू यांच्यात वाढीव कर्बवायूचा फायदा कोणाला जास्त, आणि का?
४) तिसऱ्या बरणीत माती भाजून का घातली?
५) (पालकांसाठी) आपल्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब किती आहे? आकडा खाली टांगलेल्या कागदावर लिहून जावा. नाव लिहिले नाही तरी चालेल.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी