वार कुठे आहे, हे विचारून घ्या

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणतात. हा दुसरा जन्म सर्वांत जास्त वेळा धोक्यात येतो तो रक्तस्रावाने, आणि बऱ्याच रक्तस्रावांचे मूळ वारेत असते. गरोदर बाई सोनोग्राफी करून आली, की घरचे विचारतात, बाळ ठीक आहे ना, वजन किती, पाणी किती? वार कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज वारेविषयी लिहीत आहे.

नाळ आणि वार यांत अनेकांची गल्लत होते. नाळ ही दोरी. ती ज्या ताटलीएवढ्या मांसल गोळ्याला जोडलेली असते ती वार. दिवस भरल्यावर तिचे वजन साधारण अर्धा किलो भरते. आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्न घेऊन ते बाळाला पोचवणे, हे तिचे काम. त्यासाठी शेवटच्या महिन्यात गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जाते. बाळाच्या मागोमाग वार सुटली, की गर्भपिशवी आवळते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे दाबून बंद करते. हे घडले नाही, तर काही मिनिटांत बाई पांढरीफटक पडते.

वारेचे घोटाळे मुख्यतः चार.

पहिला, वार खाली असणे. वार गर्भपिशवीच्या तोंडावर बसली, तर बाळाची वाटच अडते. याची खूण म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात पोटात न दुखता अंगावर जाणारे लालभडक रक्त. ते बहुधा आपोआप थांबते आणि घरचे निर्धास्त होतात. पुढचा रक्तस्राव मात्र मोठा असू शकतो. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार खाली दिसली, तर घाबरू नये. गर्भपिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. पण सरकली की नाही, हे आठव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी करून पाहिलेच पाहिजे.

दुसरा, वार वेळेआधी सुटणे. यात पोट सतत दुखते, दगडासारखे कडक होते, बाळाची हालचाल कमी होते. रक्त बाहेर थोडे आणि आत जास्त साठते, म्हणून कपड्यावरच्या डागावरून अंदाज बांधू नये. वाढलेला रक्तदाब, पोटावर बसलेला मार किंवा पडणे आणि तंबाखू ही त्याची कारणे. मिश्री लावणाऱ्या बहिणींनी हे ध्यानात घ्यावे. असे सुटणे सोनोग्राफीत नेहमी दिसतेच असे नाही. लक्षणे असतील, तर नुसत्या रिपोर्टवर विसंबू नये.

तिसरा, वार रुतणे. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार बसली, तर ती गर्भपिशवीच्या स्नायूत मुळासारखी शिरते आणि सुटत नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असून पूर्वी एक सिझेरियन झालेल्या दर शंभर स्त्रियांमागे ११ जणींत, तर दोन सिझेरियन झालेल्यांत ४० जणींत वार रुतलेली आढळली. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे २५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले. म्हणजे हा प्रश्न आता आपल्या गल्लीतला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातली एक मुलगी पुण्याहून दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पहिले सिझेरियन होते. आठव्या महिन्यात पहाटे अंगावर लाल रक्त गेले आणि थांबले. दुखत नव्हते, म्हणून घरच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. फाईल पुण्यालाच राहिली होती. वार खाली असल्याची नोंद त्या फाईलमध्ये होती, हे जावयाला फोन केल्यावर कळले. पुढची सोनोग्राफी झालीच नव्हती. अशा वेळी आतून बोट घालून तपासायचे नसते, त्याने रक्ताचा पूर सुटू शकतो. मी सलाईन लावून, लातूरला कळवून तिला पाठवले. तिथे शस्त्रक्रियेत वार जुन्या व्रणात रुतलेली निघाली. रक्ताच्या सहा पिशव्या लागल्या, गर्भपिशवी काढावी लागली. मायलेकरू दोघे वाचले. तोच रक्तस्राव रात्री वस्तीवर सुरू झाला असता, तर लातूरचा रस्ता फार लांबचा ठरला असता.

चौथा, वार न पडणे. बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही, तर ती अडकली असे समजावे. नाळ ओढणे, पोट जोराने दाबणे, बाळंतिणीच्या तोंडात वेणी घालून तिला उबळ आणणे हे जुने प्रकार घातक आहेत. नाळ ओढल्याने गर्भपिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते. वारेचा तुकडा आत राहिला, तर पुढे कित्येक दिवसांनीही रक्तस्राव होतो, ताप येतो, दुर्गंधी सुटते. म्हणून घरी गेलेल्या बाळंतिणीकडेही लक्ष असावे.

आज उपाय पुष्कळ आहेत. जपानच्या डॉ. उताको ओकामोतो यांनी पतीसह शोधलेले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे औषध प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात तीन तासांच्या आत दिले, तर जीव वाचतात, हे २०१७ साली वीस हजार स्त्रियांवरील अभ्यासात दिसले. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये लाखामागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. पण औषध असो की रक्त, बाई वेळेवर पोचली तरच उपयोगाचे.

तेव्हा एवढे करावे. सोनोग्राफीनंतर 'वार कुठे आहे?' हे विचारून कार्डावर लिहून घ्यावे. मुलगा की मुलगी हे विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. वारेची जागा विचारणे हा तुमचा हक्क आहे. आधी सिझेरियन झाले असेल, तर ते प्रत्येक डॉक्टरांना न विसरता सांगावे. वार खाली असेल, तर संबंध टाळावेत, आणि रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच बाळंतपणाचे नाव आधी नोंदवावे. रक्तगट आणि हिमोग्लोबिन माहीत असावे. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

गरोदरपणात अंगावर रक्त गेले, थोडे असो की जास्त, दुखो वा न दुखो, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. सोबत रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे घ्यावीत. आणि मुलगी बाळंतपणाला माहेरी निघेल, तेव्हा पिशवीत सगळ्यांत आधी तिची फाईल ठेवावी.