शंका वैद्याला, चिंता विठोबाला

आमच्या छातीतील पेसमेकरची तार नादुरुस्त झाली. ती बदलण्याचा दिवस ठरला आणि कीर्तनात लोकांना 'भिऊ नका' सांगणारे आम्हीच रात्रभर जागे! लाज वाटली. मग उमजले, भय हा देहाचा धर्म. ते लपविणे हा अहंकार.

सकाळी डॉक्टरांना सरळ विचारले : शिरेतून हृदयात गेलेली जुनी तार काढणार की तशीच ठेवणार? रक्त पातळ करणारी गोळी केव्हा थांबवावयाची? उत्तरे मिळताच निम्मे भय ओसरले. स्वीडनच्या आर्ने लार्सनना १९५८ साली शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर लाभला. यंत्रे बदलीत ते २००१ पर्यंत जगले.

तेव्हा बंधूंनो, शंका वैद्याला विचारावी, चिंता विठोबाच्या पायी ठेवावी; अदलाबदल करू नये. संथ श्वासासंगे नाम घ्यावे. रामकृष्णहरि!