वेदीजवळची फुले ताजी कशी ठेवावीत?



आपल्या चर्चमध्ये येणारी फुले कोणत्या ना कोणत्या घरातून अर्पण म्हणून येतात. कोणी लग्नाच्या वाढदिवसाला देतो, कोणी बाळाच्या बाप्तिस्म्याला, तर कोणी आपल्या मृत माणसाच्या मिस्साला. त्यामागचा पैसा कष्टाचा असतो. शनिवारी सायंकाळी सजवलेली फुले रविवारी सकाळी माना टाकून बसली, की देणाऱ्याचेही मन खट्टू होते. शिरूर आणि दौंडचे ऊन कडक आहे हे खरे; परंतु पुष्कळदा दोष फुलदाणीतल्या पाण्याचा असतो. म्हणून हा छोटासा पाठ.

फूल का कोमेजते?

झाडावरून खुडलेल्या फुलाला मुळे नसतात, पण तहान असते. पाने आणि पाकळ्या यांतून पाणी सतत हवेत उडत असते. देठातील बारीक नळ्यांनी तेवढे पाणी वर चढले तर फूल टवटवीत राहते. या नळ्या दोन कारणांनी तुंबतात. देठ कापल्यावर तो कोरडा राहिला तर नळ्यांत हवा शिरते. तसेच पाण्यात बुडालेली पाने कुजतात, जंतू वाढतात आणि देठाचे तोंड बुळबुळीत होऊन बंद होते. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानलेलेच राहते.

सर्व फुलांसाठी सहा नियम

१. फुलदाणी साबणाने घासून धुवावी. आत मागच्या आठवड्याचा बुळबुळीत थर राहिला, तर नवी फुलेही लवकर जातात.

२. देठाचे टोक धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापावे व लगेच पाण्यात ठेवावे. बोथट कात्रीने देठ चेंगरतो.

३. पाण्याखाली जाणारी सर्व पाने काढून टाकावीत.

४. बोअरचे पाणी खारट असेल तर गाळण यंत्राचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. पाण्यात मीठ कधीही घालू नये.

५. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि घरगुती ब्लीचचे तीन-चार थेंब घालावेत. साखर हे फुलाचे अन्न, लिंबाने पाणी लवकर वर चढते आणि ब्लीचने जंतू आटोक्यात राहतात. नुसती साखर घातली तर जंतूंचेच फावते. ब्लीच आणि लिंबाचा रस एकमेकांत थेट मिसळू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो. ते भरपूर पाण्यातच वेगवेगळे घालावेत. फुलदाणी पितळेची असेल तर आत प्लास्टिकचा किंवा काचेचा ग्लास ठेवावा, कारण आंबट पाणी पितळेला खाते.

६. पाणी दर दुसऱ्या दिवशी बदलावे आणि देठ पुन्हा थोडा कापावा.

प्रत्येक फुलाची रीत वेगळी

गुलाब : बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागलेली कळी निवडावी. अगदी घट्ट हिरवी कळी बहुधा न उमलताच मान टाकते. मान वाकली तर देठ पुन्हा कापावा, फुले कागदात सरळ गुंडाळावीत आणि गळ्यापर्यंत कोमट पाण्यात दोन तास उभी ठेवावीत.

निशिगंध : याची फुले खालून वर उमलतात. खालची दोन-तीन फुले उमललेली दांडी घ्यावी. वाळलेली फुले रोज खुडावीत, म्हणजे वरच्या कळ्यांना बळ मिळते. साखरेचे पाणी याला विशेष मानवते.

ग्लॅडिओलस : खालच्या कळ्यांना नुकताच रंग दिसत असताना घ्यावा. पुण्याच्या मार्केट यार्डातून एसटीने किंवा रेल्वेने आणताना दांड्या उभ्याच धराव्यात. आडव्या ठेवल्या तर शेंडे वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत.

जरबेरा : याचा देठ मऊ व लवदार असतो आणि खोल पाण्यात कुजतो. चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरे. मात्र ते आटू देऊ नये.

शेवंती : पूर्ण उमललेली घ्यावी. देठाचा खालचा लाकडासारखा भाग कापून टाकावा. फुलांच्या आधी पानेच सुकतात, म्हणून पाने कमी ठेवावीत. नीट ठेवली तर ही आठवडाभरही टिकते. थोड्या पैशांत जास्त दिवस हवे असतील तर शेवंतीच घ्यावी.

झेंडू : याच्या पाण्याला फार लवकर वास येतो. पाने जवळजवळ सगळी काढावीत आणि पाणी रोज बदलावे.

लिली : फूल उमलताच आतले परागकोश चिमटीने काढावेत. परागाचा पिवळा-तपकिरी डाग वेदीच्या पांढऱ्या वस्त्रावरून सहज निघत नाही.

कार्नेशन : देठ दोन गाठींच्या मधोमध कापावा. पिकलेल्या केळी-आंब्यांजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने फूल लवकर म्हातारे होते.

शनिवारचे काम

फुले शनिवारी सकाळीच आणावीत. वाटेत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत. आल्याबरोबर देठ कापून बादलीत दोन-तीन तास सावलीत ठेवावीत आणि सायंकाळी सजवावीत. उन्हाळ्यात बादलीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. सजवलेल्या फुलदाण्या रात्री थंड जागी ठेवून सकाळी जागेवर आणाव्यात. पंख्याचा झोत आणि मेणबत्तीची धग दोन्ही टाळावीत.

ख्रिस्तसभा काय सांगते?

रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत (क्र. ३०५) वेदीच्या सजावटीविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. फुले बेताची असावीत आणि वेदीच्या फलकावर न ठेवता वेदीच्या आजूबाजूला ठेवावीत. आगमनकाळात सजावट साधी असावी, म्हणजे नाताळचा आनंद आधीच उधळला जात नाही. प्रायश्चित्तकाळात वेदीला फुले नसतात. त्याला अपवाद चौथा रविवार, सोहळे आणि सण यांचा. म्हणून त्या काळात फुले द्यायची इच्छा झाली तर तो पैसा एखाद्या गरजू कुटुंबासाठी बाजूला काढता येईल.

कबरस्तानातील फुलदाण्या

२ नोव्हेंबरला आपण कबरींवर फुले ठेवतो. तेथील बाटल्या आणि डब्यांतले पाणी तसेच राहिले तर त्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून तीन-चार दिवसांनी जाऊन पाणी ओतून द्यावे, किंवा फुले ओल्या वाळूत रोवावीत. आपल्या मृतांचे स्मरण करताना शेजारच्या जिवंत लेकरांना ताप येऊ नये.

शेवटी एक गोष्ट. कितीही जपले तरी फूल कोमेजणारच. यशयाच्या ग्रंथाच्या ४०व्या अध्यायात त्याचाच दाखला आहे. प्रभू येशूनेही मत्तयच्या ६व्या अध्यायात रानातल्या फुलांकडे बघायला सांगितले आहे. म्हणून फूल टिकले नाही तरी अर्पण कमी होत नाही. मात्र जे देवासाठी आणले त्याची काळजी घेणे, हाही सेवेचाच भाग आहे.

घरी करून पाहा : एकाच जुडीतील दोन शेवंत्या दोन ग्लासांत ठेवा. एकीचे पाणी बदला, दुसरीचे बदलू नका. पाचव्या दिवशी मुलांना दोन्ही दाखवा आणि देठांची तोंडे बोटाने चाचपून बघायला सांगा.