आजीचं कुंकू गोल होईपर्यंत

१९९४ साली साताऱ्याच्या घरी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर होतं. पुढे त्याची डीव्हीडी करून घेतली. आता डीव्हीडी प्लेअरच कुणाकडे उरले नाहीत, म्हणून मी तिची एमपीफोर फाइल करून घरच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात आत्याचा फोन. “अगं, अण्णा असे कधी होते? किती काटकुळे होते ते! आणि आईचा चेहरा असा पसरलेला का दिसतोय?”

तिचं खरं होतं. आजी-आजोबांचं चालतंबोलतं चित्र घरात हे एवढंच. नातवंडांची मुलं त्यांना यातूनच ओळखणार. म्हणून मी सगळं काम पुन्हा केलं. तेव्हा जे कळलं ते असं:

१. आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या. चौकोनी चित्र पडदाभर ताणण्याची सोय बहुतेक टीव्हींत असते आणि ती कुणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेली असते. तीच फाइल संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट दिसली, तर फाइलला हात लावू नका.

२. डीव्हीडीतले आकडे म्हणजे चित्राचा आकार नव्हे. हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र सहसा ७२० बाय ५७६ ठिपक्यांत साठवतात, मग ते जुन्या टीव्हीसारखं ४:३ असो की रुंद १६:९. दाखवताना कसं पसरायचं, याची खूण वेगळी असते. ठिपके चौरस नसतात, ही यातली मेख. खूण वाचलीच नाही तर ४:३ चित्रातली माणसं सहा टक्के अरुंद होतात. माझी चूक उलटी होती. मोठं ते चांगलं, असं समजून मी १२८० बाय ७२० हे माप निवडलं आणि चित्राची रुंदी एक तृतीयांशाने वाढली.

हिशेब सोपा आहे. उंची ५७६ तशीच ठेवायची. ४:३ असेल तर रुंदी ७६८, १६:९ असेल तर १०२४. अमेरिकेतून आलेली डीव्हीडी बहुधा ७२० बाय ४८० ची असते. तिचं ४:३ चित्र ६४० बाय ४८० होतं. फाइल बदलून देणाऱ्या हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये ‘अॅनामॉर्फिक’ हा पर्याय ‘नन’ (None) केल्यावर बाहेर येणारी मापं स्वतः वाचा. ७२० बाय ५४० हेही प्रमाण बरोबरच, पण त्यात उभ्यातल्या ३६ ओळी जातात. जुन्या कॅसेटमध्ये आधीच तपशील कमी. त्या ओळी मी जाऊ देणार नाही.

३. चित्रातली गोल वस्तू शोधा. चेहऱ्यावरून अंदाज चुकतो, कारण थोड्या वेळाने डोळा सरावतो. आमच्या चित्रात आजी समोरून औक्षण करते आहे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते दृश्य थांबवून पडद्यावर पट्टी धरली. आडवं आणि उभं माप सारखं आलं, तेव्हाच पुढे गेले. औक्षणाचं ताट मोजायचं तर ते वरून दिसत असेल तरच चालेल. तिरकं ताट मुळातच लांबट दिसतं.

काटेकोर जाणकार वरच्या हिशेबातल्या ७२० पैकी मधले ७०४ ठिपकेच ४:३ धरतात. फरक दोन-एक टक्क्यांचा. मी तो सोडून दिला.

४. बिघडलेली फाइल पुन्हा बनवण्याआधी नुसती खूण बदलून बघा. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये दाखवायचं माप बदलता येतं. माझ्या ताणलेल्या फाइलसाठी ते ९६० बाय ७२०. चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. पण पेनड्राइव्ह लावल्यावर ही खूण न वाचणारे टीव्ही आहेत, आत्याचा त्यातलाच. तिच्यासाठी मूळ डीव्हीडीवरून चौरस ठिपक्यांची नवी फाइल केली.

५. कॅसेटच्या चित्रात तळाशी थरथरणारी पट्टी असते. ती कापा, पण कापल्यावर चित्र ओढून पुन्हा ५७६ उंच करू नका. आठ ओळी कापल्या तर ७६८ बाय ५६८ राहू द्या.

६. निरांजन ओवाळताना हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले, तर डीइंटरलेस चालू करा. माप बदलण्याच्या आधी हे व्हायला हवं, नाहीतर ते दात चित्रात कायमचे मुरतात.

७. डीव्हीडीतलं ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसंच्या तसं दोन ठिकाणी उतरवून ठेवा. घरी लिहिलेल्या तबकड्या काळाने वाचेनाशा होतात. आमच्या तबकडीच्या वेष्टनावर मी आता पेनाने लिहून ठेवलंय: चित्र ४:३, आजीचं कुंकू बघून तपासावं.