कसूर : अपराध की उणेपणा?

चंडीगडमधील पंजाबी वा हिंदी भाषिक 'माझा कसूर काय?' असे विचारतो, तेव्हा त्याला अपराध अभिप्रेत असतो. कसूरवार म्हणजे दोषी. तेथे वसलेल्या मराठी कुटुंबाच्या तोंडचा कसूर मात्र बहुधा स्त्रीलिंगी आणि निराळ्या वळणाचा आहे. 'कर्तव्यात कसूर केली', 'सारा भरण्यात कसूर झाली' असे आपण म्हणतो. येथे काही वाईट केले असे नसून, जे करावयाचे ते केले नाही, किंवा वेळेवर केले नाही. हप्ता चुकविणारा सरकारी मराठीत कसूरदार ठरतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तोकडे पडणे असा असल्यामुळे आपला प्रयोग मुळाला अधिक जवळचा वाटतो.

शास्त्राभ्यासात हा भेद उपयोगी पडतो. रोमकरांस ३:२३ येथे सर्वांनी पाप केले असे सांगून पौल लगेच 'हुस्तेरेओ' हे ग्रीक क्रियापद योजतो. त्याचे अर्थ : मागे राहणे, उशिरा पोहोचणे, उणे पडणे. काना येथे द्राक्षारस सरला (योहान २:३), उधळ्या पुत्राला अडचण भासू लागली (लूक १५:१४), तेथेही हेच क्रियापद आहे. मूर्ख कुमारी 'नंतर' आल्या (मत्तय २५:११). ते 'नंतर' याच कुळातले. त्यांनी कोणाचे काही लुबाडले नव्हते; तेल आणावयास गेल्या आणि दार लागले. 'मी कोणाचे वाईट केले नाही' हे उत्तर पंजाबी कसुराला पुरेल, मराठी कसुरीला पुरणार नाही.

इब्री ४:१ येथे, देवाच्या विसाव्याविषयी बोलताना, हेच क्रियापद पुन्हा येते. तेथे उशीर घ्यावा की उणेपणा, हे वाचकांनी मागचा अध्याय वाचून पाहावे.