आधी स्वतःचा पुढारी



पुढारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माईक, व्यासपीठ आणि हारतुरे येतात. संत जॉन बॉस्को यांच्यापाशी विद्यार्थिदशेत यातले काहीच नव्हते. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे वडील वारले. १८३१ साली ते इटलीतील किएरी येथे शिकायला आले, तेव्हा सोळा वर्षांचे असूनही त्यांना लहान मुलांच्या वर्गात बसावे लागले. खर्च भागवण्यासाठी त्यांनी कॉफीच्या दुकानातही काम केले.

१८३२ मध्ये त्यांनी सोबत्यांचे 'आनंद मंडळ' काढले. नियम दोनच: ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलायचे-वागायचे नाही आणि शाळेची व धर्माची कर्तव्ये चोख पार पाडायची. ते स्वतः हे नियम पाळत, सोबत्यांच्या अभ्यासातील अडचणी सोडवत आणि आनंदी राहत. म्हणूनच मुले त्यांच्यामागे गेली.

तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल सांगतो की, सद्गुण पुन्हापुन्हा केलेल्या कृतीतून अंगी मुरतो. शिस्त परीक्षेच्या आदल्या रात्री येत नसते. चार हाका मारल्यावर उठणारा मुलगा आईच्या शिस्तीत असतो, स्वतःच्या नव्हे.

या आठवड्यात आपण दोन गोष्टी करूया. अभ्यासाची वेळ ठरवून तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवूया. वर्गात मागे पडलेल्या एका सोबत्याला एक धडा समजावूया. पहिलीतून स्वतःवर ताबा येईल, दुसरीतून नेतृत्व.

पालकांनो, त्या वेळेत आपणही टीव्ही बंद ठेवूया. प्रभू आपणा सर्वांना बळ देवो.