बसायला जागा कोणाला?

शास्त्रवाचन : याकोब 2:1-9, प्रेषितांची कृत्ये 8:26-40



उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारात एक प्रश्न सहज कानी पडतो : "आपण कशाने आलात?" मोटारीने आलेला मनुष्य मोकळेपणाने उत्तर देतो. बसने आलेला मात्र पुष्कळदा एखादे कारण जोडतो : "आज गाडी दुरुस्तीला दिली आहे." बसने येणे हा काही अपराध नव्हे, मग या उत्तरात संकोच का असावा? या प्रश्नाचा आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

1. आसनावरून पारख

याकोब एक साधे दृश्य आपल्यापुढे ठेवतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत येतो आणि मळक्या वस्त्रांतला दरिद्रीही येतो. पहिल्याला चांगली जागा मिळते, तर दुसऱ्याला उभे राहण्यास किंवा पायांशी बसण्यास सांगितले जाते. येथे दोष आसनांचा नाही, माणसाची किंमत आसनावरून ठरविणाऱ्या मनाचा आहे. हा पक्षपात याकोब किरकोळ मानीत नाही. त्याला तो स्पष्टपणे पाप म्हणतो.

2. आपल्या देशातील डबे

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपली पहिली प्रवासी रेल्वे धावली. पुढे डब्यांचे वर्ग हे समाजातील वर्गांचेच चित्र बनले. तिसऱ्या वर्गाने फिरून गांधीजींनी तेथील गर्दी व अस्वच्छता यांविषयी 1917 मध्ये लिहिले. 1974 मध्ये तिसरा वर्ग नावाने गेला, तरी लाकडी फळ्या राहिल्याच. 1977 मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील फळ्यांवर गाद्या बसविण्यास आरंभ झाला, आणि 26 डिसेंबर 1977 रोजी हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस ही वर्गविरहित गाडी सुरू झाली. वरच्याला खाली न ओढता खालच्याचा मान वाढविता येतो, हा यातील बोध आहे.

3. रथातील अधिकारी

हबशी राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचीत होता, आणि फिलिप्प पायी धावत रथाजवळ आला. पदाचा विचार केला, तर त्या अधिकाऱ्याने रथ पुढे हाकला असता. पण त्याने त्या पादचाऱ्याला आपल्याजवळ बसविले. ती जागा त्याने दिली नसती, तर वाचलेल्याचा अर्थ न कळताच तो घरी परतला असता. शेवटी दोघेही रथातून खाली उतरले व एकाच पाण्यात गेले.

4. आपल्या मंडळीत

वाहन असणे पाप नव्हे. वृद्ध व आजारी यांना त्याची गरजही असते. परंतु सभांच्या वेळा कोण ठरवितो, हे पाहा. सायंकाळची प्रार्थनासभा लांबते, शेवटची बस निघून जाते, आणि घरकाम करणारी भगिनी किंवा रात्रपाळीचा पहारेकरी पुढच्या वेळी येतच नाही. "त्यांना आस्था नाही," असे आपण म्हणतो. खरे पाहता, 'उभा राहा' असे आपणच त्यांना न बोलता सांगितलेले असते.

चिंतनासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत बसने किंवा पायी येणारे कोण आहेत? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय?
2. सभेची वेळ ठरविताना त्यांना विचारले जाते काय?
3. आपल्या गाडीतील रिकामी जागा कोणाला देता येईल? आणि एखाद्या रविवारी आपणच त्यांच्याबरोबर बसने का येऊ नये?

प्रार्थना : हे प्रभू, उसन्या शिंगरावर बसून तू नगरात आलास. आमच्या मनातील वर्ग मोडून टाक, आणि आमच्या शेजारी बंधुभगिनींना जागा ठेव. आमेन.